‘घरी दाखवून आणतो’ म्हणणारे लोक

चोरीच्या किश्श्यांचं एक असतं. आपण एक सांगितला की ऐकणाऱ्याला त्याच्या घरचा आठवतो, त्याच्या शेजाऱ्याला त्याच्या साडूच्या घरचा, आणि चहा थंड होईपर्यंत ढीग लागतो. आमच्या मंडळाचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. मला मात्र अजून राग येतो. माणसं रिटायर झाली, काही वर गेली, राग काही रिटायर होत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मी, पांढुर्ण्याच्या बाजारात कापडाचं दुकान. कळंबे, स्टेशनवर बुकिंग क्लार्क. बोबडे, रामाकोन्याचा संत्र्यांचा बागाईतदार. आणि सौंसरचे ढोके सर, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर पोरांना क्रिकेट. चौघांना खूळ एकच, मोठ्या माणसांच्या सह्या जमवायच्या.

पांढुर्ण्यात मोठी माणसं कुठून येणार, असं विचारू नका. यायची नाहीत, पण जायची ना! दिल्ली-मद्रास लाइन आमच्या दारातून. फर्स्ट क्लासमध्ये कुणी खेळाडू किंवा गायक असला की आमल्याच्या स्टेशनवरून कळंबेला फोन यायचा, कळंबे माझ्या दुकानात निरोप धाडायचा, आणि मी गिऱ्हाईक तसंच सोडून संत्र्यांची टोपली घेऊन पळायचो. गाडी थांबायची जेमतेम. टोपली आधी खिडकीतून आत सरकवायची आणि मग वही पुढे करायची, हा बोबडेचा नियम. मांडीवर संत्री ठेवलेला माणूस सहीला नाही म्हणत नाही.

सह्या अशा मिळायच्या. आणि जायच्या कशा? आमच्याकडे सही चोरायला कुणी कुलूप तोडत नाही. चोर पुढच्या दारानं येतो, पंख्याखाली बसतो, पोहे खातो, वस्तू हातात घेऊन "वा, वा" करतो आणि उठताना म्हणतो, "घरी दाखवून आणतो." पाहुण्यानं मागितलेली वस्तू नाही म्हणणं आमच्याकडे कमीपणाचं. झालं! वस्तू गेली ती गेली.

*

सुरुवात बोबडेच्या संत्र्यापासून.

एकदा गाडी आली तेव्हा बोबडेच्या हातात वहीच नव्हती. घाईत घरी राहिली. खिडकीत एक नावाजलेला बॅट्समन. बोबडेनं टोपलीतलं एक संत्रं उचललं, पेन दिलं आणि म्हणाला, यावरच करा. त्या भल्या माणसानं हसत हसत संत्र्यावर सही केली.

बोबडेनं ते संत्रं घरी नेऊन काचेच्या कपाटात कापसाच्या गादीवर ठेवलं. गावभर दाखवलं. त्याच आठवड्यात बहिणीचा नवरा आला. जावईबापू दुपारी झोपून उठले, घसा कोरडा पडला होता, कपाट उघडलं आणि संत्रं सोलून खाल्लं.

बोबडे शेतातून आला तर ताटलीत सालं. अर्धी सही एका सालावर, अर्धी दुसऱ्यावर. जावयाला बोलायची सोय नाही. बहिणीनंच विचारलं, अहो, त्याच्यावर लिहिलेलं दिसलं नाही का?

"दिसलं ना जी. मले वाटलं, व्यापाऱ्याचा मार्का असन."

लोक इथं हसतात. मी नाही हसत. हजारो संत्र्यांच्या घरात एकच संत्रं काचेत ठेवलंय, ते काय खायला? जावई झाला म्हणून डोळे घरी गहाण ठेवून सासरी येतो काय माणूस?

*

आता माझं ऐका. कुणी माझी बाजू घेत नाही.

माझ्या वहीत एका मोठ्या गायिकेची सही होती. ‘वसंतरावांना, शुभेच्छांसह’ असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. वही दुकानात गल्ल्याजवळ असायची. एक दिवस उघडली तर ते पानच नाही. ब्लेडनं कापलेलं, इतकं सफाईदार की मला आधी वाटलं, मीच चुकीची वही घेतली. रोजचं गिऱ्हाईक किती, संशय कुणावर घ्यायचा? चडफडत गप्प बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात घरचे मला घेऊन मुलगी पाहायला गेले. गावाचं नाव सोडा. बैठकीत बसलो, मुलीच्या वडिलांनी घर दाखवलं, आणि भिंतीवर फ्रेममध्ये माझं पान! वर जाड पुठ्ठ्याची किनार, त्यामुळे ‘वसंतरावांना’ हे दिसत नव्हतं. फक्त शुभेच्छा आणि सही.

मी उठलो, फ्रेम उतरवली आणि सगळ्यांदेखत मागचे खिळे काढले. पुठ्ठा सरकवला. माझं नाव निघालं. मुलीच्या वडिलांना मी काही बोलायच्या आत ते माझ्यावरच चिडले.

"नाव दाबून टाकलं ना आम्ही. मंग कायले बोंबलून राहिले?"

मी पान घेतलं आणि चपला घातल्या.  घर आल्यावर आई म्हणाली, पोरगी लाखात एक होती, बापा. आणि मग आयुष्यभर म्हणत राहिली.

*

पण हे सगळे किरकोळ. खरा घाव ढोके सरांवर बसला, आणि तो आठवला की माझं डोकं अजूनही तापतं.

तरुणपणी सर छिंदवाड्याकडून एक प्रदर्शनी सामना खेळले होते. समोर देशासाठी खेळलेला एक फास्ट बॉलर. आपले बाकीचे गडी येतात काय आणि जातात काय! सर एका बाजूला उभे. बरगडीवर बॉल खाल्ला, हनुवटी फुटली, पण आउट झाले नाहीत. रनही फारसे काढले नाहीत, नुसते उभे राहिले. सामना संपल्यावर तो बॉलर स्वतः चालत आला, सरांच्या हातातली बॅट घेतली आणि तिच्यावर लिहिलं, ‘ढोके भाई, डटे रहे.’ खाली सही.

आमच्या सगळ्या सह्या मागून, संत्री देऊन मिळवलेल्या. न मागता मिळालेली ही एकच. त्यामुळे बॅट सरांची असली तरी आम्हा चौघांचा तो देव होता. सौंसरच्या शाळेची टीम बाहेरगावी खेळायला निघाली की पोट्टे आधी त्या बॅटला हात लावून पाया पडायचे. भारतानं वर्ल्ड कप जिंकल्यावर तर गावातली मोठी माणसंही यायची. सर कुणाला नाही म्हणायचे नाहीत, पण बॅट घराच्या किंवा शाळेच्या बाहेर जायची नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला एक साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. त्यांचं खातं सांगत नाही आणि नाव तर नाहीच, तोंड विटाळायचं कशाला? पण तालुक्यात त्यांच्यापुढे सगळे वाकायचे. टेबलावर मांडलेली बॅट त्यांनी उचलली, स्टेजवरच एक फटका मारून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचंही मला काही कळत नाही. मग साहेब आमच्याकडच्या सरकारी हिंदीत म्हणाले, "बच्चों को दिखाके भिजवाता हूँ."

सरांनी तोंड उघडलं. ते काही बोलायच्या आत शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "जी सर, ज़रूर!" आणि स्वतःच्या हातानं बॅट वर्तमानपत्रात गुंडाळून जीपमध्ये ठेवून आले. दुसऱ्याच्या बॅटीवर ‘ज़रूर’ म्हणणारा हा कोण? त्याच्या घरची घागर तरी दिली असती काय यानं अशी?

सर बंगल्यावर जाऊ लागले. साहेब पूजेत. साहेब जेवून राहिले. साहेब झोपले. साहेब दौऱ्यावर. सरांचा स्वभाव मागायचा नाही. जायचे, व्हरांड्यात बाकावर बसायचे, चपराशी पाणी द्यायचा, ते पिऊन परत यायचे. शेवटी एकदा साहेब समोरूनच आले. सरांनी हात जोडून बॅटची आठवण दिली.

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "कौन सा बल्ला, मास्टरजी?"

सर त्या दिवशी सौंसरहून थेट बस धरून माझ्या दुकानात आले. गादीवर बसले. मी चहा मागवला, तो घेतला नाही. एवढंच म्हणाले, "वसंतभाऊ, तो मले विचारून राहिला, कोणती बॅट म्हणून."  त्या दिवसापासून सरांनी मैदानावर जाणं बंद केलं. वहिनी सांगायच्या, संध्याकाळी पोरं बोलवायला येतात, सर आतून सांगतात, तब्येत बरी नाही.

*

मी गप्प बसणारा नव्हे. सरांचा हात धरून त्यांना ठाण्यात नेलं. सर येत नव्हते, मी ओढत नेलं म्हणा.

हवालदारानं कागद पुढे घेतला. काय गेलं? बॅट. नवीन की जुनी? जुनी. मग पोलिसात कशाला आलात? मी सांगितलं, तिच्यावर सही आहे. कुणाची? मी नाव सांगितलं. हवालदार सावरून बसला, मला वाटलं, आता काम होतंय.

"तो उनको बुला लाओ. वो आके बोलें कि हाँ, मेरी सही है, तभी तो साबित होगा."

म्हणजे देशाच्या फास्ट बॉलरनं सौंसरच्या ठाण्यात येऊन साक्ष द्यायची! मी म्हटलं, ते राहू द्या, बॅट कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. मग त्यानं विचारलं, कुणावर शक आहे? सर माझी बाही ओढत होते. मी साहेबांचं नाव घेतलं.

हवालदारानं पेनाचं टोपण लावलं. कागद परत खणात ठेवला. आणि फार प्रेमानं म्हणाला, "मास्टरजी, पानी पियोगे?"

बाहेर आल्यावर मी इतका ओरडलो की समोरच्या पानवाल्यानं रेडिओ बंद केला. सर म्हणाले, चला, तुमची बस निघून जाईल.

*

त्या रविवारी मंडळाची बैठक माझ्या दुकानात. कळंबे पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, होते, त्यात त्याच्या कपाळावर कायमची खूण राहिलेली. तो ती खूण चोळत म्हणाला, "गोटमारीत दगड समोरून येते. मारणारा दिसते. इथं तं आपण चहा पाजून डोकं फोडून घेऊन राहिलो."

कळंबेनं ठरवलं, आपल्या घरी हे होऊ द्यायचं नाही. त्याच्याकडे एका हॉकी खेळाडूची सही केलेली टोपी होती. वेटिंग रूममधल्या पाण्याच्या ग्लासाला जशी साखळी असते, तशी साखळी त्यानं टोपीला लावली आणि साखळी भिंतीतल्या खिळ्याला. पाहुण्यानं टोपी पाहावी, हातात घ्यावी, डोक्यावर घालावी, पण खुर्चीच्या पुढे जाता येऊ नये. आम्ही कौतुक केलं.

महिनाभरात त्याच्या दूरच्या नात्यातला एक जण मुक्कामाला आला आणि पहाटेच्या गाडीनं गेला. टोपी गेली. साखळीही गेली. कळंबे रिकाम्या भिंतीपुढे उभा राहून बायकोवर खेकसला, "खिळा कायले ठेवला त्यानं?"

*

बोबडेचं डोकं वेगळं चालायचं. तो म्हणाला, चोराला चोरायलाच पाहिजे ना? मग चोरायला वेगळं ठेवू. खऱ्या सह्या त्यानं ट्रंकेत टाकल्या आणि बाजारात मिळणाऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर स्वतः सह्या ठोकून बैठकीत मांडल्या. हात चांगला होता त्याचा. आम्हीही पहिल्यांदा फसलो.

सौंसरचे एक वकीलसाहेब आले, चहा प्यायले आणि त्यातला सर्वात झकास फोटो घेऊन गेले. घरी दाखवून आणतो म्हणून. बोबडे इतका खूश झाला की त्यानं वकिलाला वर डझनभर संत्री दिली.

पुढे कुणाच्या तरी बारशात वकीलसाहेब भेटले. खिशातून तोच फोटो काढला, चारचौघांना दाखवला आणि सांगू लागले, मी नागपूरला गेलो होतो, हॉटेलात त्यांची माझी भेट झाली, त्यांनी माझ्यासमोर केली ही सही. बोबडे बाजूलाच. ऐकता ऐकता त्याचं डोकं फिरलं. खोटी वस्तू चोरीला जावी म्हणून ठेवली हे खरं, पण तिच्यावरही खोटं बोलायचं म्हणजे हद्द झाली! तो म्हणाला, वकीलसाहेब, ही सही काही मला बरोबर वाटत नाही.

वकिलानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोबडे, तू संत्रे विक. ओरिजनल सहीतलं तुले काय समजते?"

बोबडे घरी येऊन जेवला नाही.

*

आणि मग साहेबांची बदली झाली.

निरोपाचा कार्यक्रम सौंसरच्या शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या भागात साहेब बदलून जायचा तर सामान बांधायला संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणि तणस, म्हणजे वाळका पेंढा, लागतं. कपबशा, काचा, देव, सगळं तणसात ठेवून पेटीत. आणि ते पुरवायचं कुणी, तर बागवाल्यांनी, फुकटात. चपराशी बोबडेकडे येऊन हुकूम सोडून गेला. एरवी बोबडेनं गडी पाठवला असता. निरोपाच्या दिवशी तो स्वतः गाडीत पेट्या भरून बंगल्यावर गेला. का गेला, ते त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

मागच्या अंगणात धुणं चाललं होतं. धुणारी बाई दगडावर चादरी आपटून वरून थडाथड हाणत होती. बोबडे जवळ गेला. तिच्या हातात कपडे धोपटायची मोगरी नव्हती, बॅट होती. पाणी पिऊन फुगलेली, कडेनं चिरफळ्या निघालेली. सरांनी मुठीवर स्वतः गुंडाळलेला दोरा बोबडेनं ओळखला. त्यानं बॅट मागून उलटीपालटी केली. ‘डटे रहे’ कुठेच नव्हतं. सही नव्हती. साबणानं पांढरं पडलेलं लाकूड तेवढं.

"बाईसाहेबानं देल्ली, मोगरी म्हणून," ती बाई म्हणाली. तिचा काय दोष?

बोबडेनं बॅट एका पेटीत घातली, वर तणस टाकलं आणि पेटी उचलून बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडला. कुणी अडवलं नाही. बागवाल्याच्या हातात संत्र्याची पेटी, कोण अडवणार? तो सरळ शाळेत आला आणि हॉलच्या मागच्या खोलीत त्यानं ती पेटी सरांसमोर ठेवली. सरांसाठी म्हणून आलेलो मी आणि कळंबे तिथंच होतो.

सरांनी तणस बाजूला केलं. बॅट काढली. तळहात तिच्यावरून फिरवला, जिथं अक्षरं होती तिथं थोडा जास्त वेळ. मला वाटलं, सर रडतील. मी शिव्या द्यायला सुरुवात केली होती. बाहेर जाऊन साहेबांची कॉलर धरतो म्हणून निघालोही होतो. सरांनी मला अडवलं. म्हणाले, वसंतभाऊ, तुमचं पेन द्या.

बाहेर भाषणं सुरू होती. हेडमास्तर साहेबांच्या साधेपणावर बोलत होते. शाल झाली, नारळ झाला, हार झाले. मग शिक्षकांच्या वतीनं बोलायला ढोके सरांचं नाव पुकारलं गेलं. सर स्टेजवर चढले ते हातात बॅट घेऊन. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. सौंसरमध्ये ही बॅट कुणाला माहीत नव्हती? मागच्या बाकांवरची पोरं उभी राहिली. हेडमास्तर खाली बघू लागले.

सर माइककडे गेले नाहीत. सरळ साहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. आयुष्यभर सर साहेबलोकांशी हिंदीतच बोलत आले होते. त्या दिवशी आपल्या बोलीत बोलले, आणि माइक नसूनही ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

त्यांनी बॅट साहेबांच्या मांडीवर आडवी ठेवली. माझं पेन उघडून पुढे धरलं.

"साहेब, मी सह्या जमवतो. तुमची तेवढी राह्यली. करा."

साहेबांनी बॅटकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं. सगळा हॉल उभा होता. एकही टाळी वाजत नव्हती. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर बॅट. साहेबांनी पेन घेतलं आणि सही केली. सवयीनं खाली तारीखही टाकली.

सरांनी बॅट उचलली, शाई वाळावी म्हणून तिच्यावर सावकाश फुंकर घातली, आणि पोरांना म्हणाले, "चला रे, मैदानावर."